साठीनंतर हातात ब्रश घेताना

ताई, रिटायर झाल्यावर चित्रं काढायला घेतलीत, झकास केलंत. हात कापतो म्हणता? माझा सत्तरीत कापतोच. बाभळीच्या फांदीला कापरी रेघ उलट शोभते.

सध्या एवढंच बघा:

- साधी वही, २बी पेन्सिल, म्हणजे जरा मऊ, गडद उमटणारी. खोडरबर कपाटात ठेवा.
- जलरंग घ्यायचेच तर पैसे कागदावर घाला, ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड. पातळ कागद पाण्यानं फुगतो आन् आपण रंगाला नावं ठेवतो. मी दोन वर्षं ठेवली.

नवखा माणूस थेट वेरूळ गाठतो, कैलास लेणं काढायला बसतो. मीही बसलो होतो. दुपारपर्यंत एक हत्ती झाला, तोही म्हशीसारखा. त्यापेक्षा घरातला पोचा पडलेला तांब्या काढा, दुरडीतली भाकर, बाजेवरचं मांजर.

मे महिन्यात आपल्याकडं रंग ब्रशवरच वाळतो. सकाळी आठच्या आत उरकायचं. आणि डोळे तपासून घ्या. निळा रंग मळका दिसतो म्हणून मी दुकानदाराशी भांडलो, निघाला मोतीबिंदू!

पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे जवळचं मोठं, लांबचं लहान दाखवायचं तंत्र, वगैरे नंतर. पहिली वही भरली की कळवा.