लॅक्रोसचा खर्च वसूल होईल का?

न्यू जर्सीहून एका आईचं पत्र आलंय, लॅक्रोसबद्दल, म्हणजे जाळी लावलेल्या काठीनं चेंडू झेलत-फेकत खेळायचा तो मैदानी खेळ. प्रश्न तीन आहेत, पण मी पहिल्यापाशीच अडकले. "काकू, मुलगा आठवीत आहे, लॅक्रोस बरा खेळतो. हे म्हणतात, गणितात आणि कोडिंगमध्ये आपल्या मुलांची गर्दी आहे, लॅक्रोसमध्ये नाही, त्यावर आयव्ही लीगची स्कॉलरशिप मिळेल. क्लबची फी, खासगी कोच, टूर्नामेंटची हॉटेलं यात बचत चाललीय. पुढे वसूल होईल ना?"

अगं, आयव्ही लीगमध्ये, म्हणजे हार्वर्ड-येलसारख्या त्या आठ नामांकित कॉलेजांत, खेळाची स्कॉलरशिप नसतेच. आठातल्या एकाही कॉलेजात नाही, एकाही खेळाला नाही. एवढे पैसे ओतण्याआधी हे विचारावं असं तुम्हा दोघांना वाटलंच नाही? घर घेताना आपण छपरापासून तळघरापर्यंत तपासतो, आणि कॉलेजला पैशाचं विचारताना मात्र आपल्याला लाज वाटते. मी इथे दरवेळी सांगते आणि याही वेळी सांगणार: पैशाचं आधी विचारा आणि लेखी विचारा.

जिथे स्कॉलरशिप आहे तिथलाही हिशेब कर. डिव्हिजन वन म्हणजे कॉलेजच्या खेळांची सगळ्यात वरची पातळी. तिथल्या मुलांच्या लॅक्रोस संघाला 2025 पर्यंत जास्तीत जास्त 12.6 पूर्ण स्कॉलरशिप देता यायच्या, आणि संघात मुलं चाळीस-पन्नास. त्या सगळ्यांत वाटल्या तर प्रत्येकाला सरासरी पाव वाटा. त्या वर्षीच्या कोर्टातल्या तडजोडीनंतर बऱ्याच कॉलेजांवरची ती मर्यादा गेली, आता संघात 48 खेळाडूंची मर्यादा आहे. पण मुभा मिळाली म्हणून कॉलेज पैसे देईलच असं नाही. सगळ्यात खालच्या डिव्हिजन थ्रीमध्ये तर खेळासाठी काहीच मिळत नाही.

माझ्या भाच्याला डिव्हिजन वनचं बोलावणं आलं होतं. घरात पेढे वाटून झाले, मग आकडा आला. दुसऱ्या एका कॉलेजनं नुसत्या मार्कांवर त्याहून जास्त रक्कम देऊ केली होती. बहीण फोनवर रडली. भाचा त्या दुसऱ्या कॉलेजात गेला, तिथल्या क्लब संघात मजेत खेळला.

प्रवेशाला खेळाची मदत होते, हे खरं. आयव्हीच्या कोचनं शिफारस केली तर तिला वजन असतं, पण मार्क तरीही लागतात. शिवाय डिव्हिजन वनच्या कोचला अकरावीच्या 1 सप्टेंबरआधी मुलाशी भरतीचं बोलताच येत नाही. त्यामुळे आठवीतल्या मुलाला 'कोचच्या नजरेत आणतो' म्हणून कुणी पैसे मागत असेल, तर देऊ नकोस.

त्याऐवजी या शनिवारी दोघं लॅपटॉप घेऊन बसा. कॉलेजांच्या वेबसाइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो, म्हणजे मदत वजा जाता तुम्हाला किती भरावे लागतील याचा अंदाज देणारा; 2011 पासून तसा कायदाच आहे. तुमचं उत्पन्न आणि बचत भरून चार-पाच कॉलेजांचे आकडे काढा. हार्वर्डमध्ये आता 2 लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या, फार मालमत्ता नसलेल्या कुटुंबांना ट्यूशन फी माफ आहे, आणि त्यासाठी हातात लॅक्रोसची काठी लागत नाही.

आणि मुलाला खेळ आवडतो का, हे तुझ्या पत्रात कुठेच नाही. त्याला विचार. आवडत असेल तर शाळेच्या संघातून भरपूर खेळू दे.

आता उरलेले दोन प्रश्न. रविवारची मराठी शाळा बुडते म्हणतेस, ती टूर्नामेंट कमी केल्या की आपोआप सुरू होईल. सासूबाई सहा महिने येणार आहेत, तर तिकिटाआधी त्यांचा आरोग्य विमा काढा, आणि आधीपासूनच्या आजारांना तो लागू आहे का, तेही लेखी विचारा.