इराणवर हल्ला व्हावा असं अरब वर्तमानपत्रांना खरंच वाटतं का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: इराणच्या अणुकार्यक्रमावर अरब पेपर काय लिहितात, आणि त्यांना हल्ला हवा असतो का. पहिलीचं उत्तर सोपं आहे. पेपर कुणाच्या पैशावर चालतो ते सांगा, अग्रलेख मी न वाचता सांगतो. दुसरीवर थोडं लांबण लागेल, कारण हाच विषय मुंब्र्याचे माझे साडूभाई दर ईदला उकरून काढतात. त्यांचं ठरलेलं: अरब सुन्नी, इराण शिया, इराण बेचिराख झाला तर अरब शिरखुर्मा वाटतील. पुरावा म्हणून मोबाइलवर इंग्रजीत भाषांतर केलेलं एखादं कात्रण दाखवतात. ही कात्रणं निवडतो कोण, असं विचारलं की चिडतात.

मी कतारच्या राजधानीत, दोह्यात, मंदूब होतो, म्हणजे कंपनीचे व्हिसा-परवान्याचे कागद घेऊन सरकारी खिडक्यांवर फिरणारा. मदरशातली अरबी तिथे पोटापाण्याला कामी आली. नंबर लागेपर्यंत दोह्याचे ‘अश्शर्क’ आणि ‘अर्राया’, आणि लंडनहून निघणारा सौदी ‘अश्शर्क अल-औसत’ वाचून व्हायचे. जानेवारी 2016 मध्ये तेहरानमधल्या सौदी वकिलातीवर जमावाने हल्ला केला आणि कतारने आपला राजदूत परत बोलावला. तेव्हा इराणच्या बाबतीत दोह्याचा आणि रियाधचा सूर एकच.

मग मे 2017 आला. कतारच्या सरकारी वृत्तसंस्थेची साइट हॅक झाली आणि कतारचे राज्यकर्ते अमीर यांच्या तोंडी इराणची भलामण घातली गेली. हे खोटं आहे असं कतारने लगेच सांगितलं, तरी सौदी आणि अमिराती चॅनेलं ती बातमी चालवत राहिली. 5 जूनला, ऐन रमजानात, सौदी, अमिराती, बहरीन आणि इजिप्तने संबंध तोडले. देशाबाहेर जाणारा जमिनीवरचा एकच रस्ता, अबू सम्राचा नाका, तोही बंद. सुपरमार्केटात अल-मराईचं सौदी दूध आणि लबन (ताक) दिसेनासं झालं, माणसं ट्रॉल्या भरभरून तांदूळ आणि पाणी नेत होती. थोड्याच दिवसांत तुर्की दुधाचे खोके आले, इराणमधून विमानांनी भाजीपाला आला, आणि कतारची विमानं इराणच्या आकाशातून उडू लागली.

आणि पेपर? दोह्यातले इराणवरचे जळजळीत स्तंभ मवाळ झाले. ऑगस्टमध्ये राजदूत तेहरानला परत गेला. सौदी पेपरांत मात्र कतार म्हणजे इराणचा हस्तक. इराणच्या नतान्झमधली युरेनियम समृद्ध करणारी यंत्रं तीच, अणुकार्यक्रमाला लगाम घालणारा 2015 चा व्हिएन्ना करारही तोच. बदललं होतं ते मालकांमालकांतलं भांडण. आता यात शिया-सुन्नी कुठे आलं? कतारी आणि सौदी दोघेही सुन्नी, त्यातही दोघे वहाबी या एकाच कडक परंपरेतले.

पुढे रियाधनेही कूस बदललीच. 2018 मध्ये युवराज मोहम्मद बिन सलमान अमेरिकन टीव्हीवर म्हणाले की इराणने बॉम्ब बनवला तर आम्हीही बनवू. त्याच वर्षी ट्रम्प करारातून बाहेर पडले, त्याचं सौदी पेपरांनी स्वागत केलं. मार्च 2023 मध्ये बीजिंगमध्ये सौदी-इराण समेट झाला. जून 2025 मध्ये इस्रायलने इराणवर हल्ला केला तेव्हा सौदी सरकारने निषेध करताना इराणला बंधुराष्ट्र म्हटलं, आणि स्तंभांचा सूरही त्याच वाटेने गेला.

हल्ला हवा का? इराणची रग जिरावी असं वाटणारे स्तंभलेखक होते, आहेत. पण बुशेहरची अणुभट्टी आखाताच्या काठावर आहे, तेहरानपेक्षा कुवेत आणि दोह्याला जवळ. कतारचं पिण्याचं पाणी जवळजवळ सगळं समुद्राचं, खारेपण काढून आलेलं. इराणच्या अणुकेंद्रांवर हल्ला झाला तर तीन दिवसांत पाणी संपेल, असा कतारचा पूर्वीचा अंदाज पंतप्रधानांनी मार्च 2025 मध्ये एका मुलाखतीत सांगितला होता. 23 जून 2025 च्या रात्री इराणी क्षेपणास्त्रं आली ती अल-उदैदच्या अमेरिकन तळावर, कतारमध्येच. माझा पुतण्या तेव्हा दोह्यात होता, त्याने गच्चीवरून आकाशातले स्फोट पाहिले. शिरखुर्मा कुणी वाटला नाही.

सगळ्या पेपरांत एक मुद्दा मात्र सारखाच सापडेल: दिमोना, म्हणजे इस्रायलचं अणुकेंद्र. इस्रायलने अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर सहीच केलेली नाही. आमचे मुदीर, म्हणजे मॅनेजर, अम्मानकडचे पॅलेस्टिनी. इराणच्या तपासणीची बातमी आली की पेपर टेबलावर आपटून ‘आणि दिमोना?’ म्हणायचे. मध्यपूर्व अण्वस्त्रमुक्त व्हावा हा ठराव 1974 मध्ये संयुक्त राष्ट्रांत इराण आणि इजिप्तने मिळून मांडला होता. तेव्हा इराणात शहा, म्हणजे क्रांतीआधीचे राजे, होते.

तेव्हा कात्रणं वाचू नका. एकाच दिवसाचे रियाधचे, दोह्याचे आणि लंडनच्या ‘अल-कुद्स अल-अरबी’चे लेख शेजारी ठेवा, फोनवरचं भाषांतरही चालेल. साडूभाईंना हेच सांगितलं तर वेळ नाही म्हणाले. कात्रणं पाठवायला असतो.

हे सगळं आखातापुरतं, हेही सांगून ठेवतो. बैरुतमध्ये एकाच शहरात इराणच्या पाठबळावरच्या हिजबुल्लाच्या बाजूचा ‘अल-अखबार’ आणि विरोधातला ‘अन्नहार’ निघतो. मोरोक्कोने तर मे 2018 मध्ये इराणशी संबंध तोडले ते पोलिसारियोवरून, म्हणजे पश्चिम सहारा मोरोक्कोपासून वेगळा मागणाऱ्या संघटनेला इराण मदत करतो या आरोपावरून. तिथल्या रागाचं मूळ पश्चिम सहारात आहे, युरेनियमात नाही. साडूभाई तेही शिया-सुन्नीच्या खात्यावर मांडतील.