कोड खुला करण्याची वेळ कोणती?

प्रश्न : आम्ही तीन मित्र मराठी शुद्धलेखन तपासणारे सॉफ्टवेअर लिहीत आहोत. एकाचे म्हणणे, आहे तसा कोड आजच सर्वांसाठी खुला करावा. दुसरा म्हणतो, पहिली आवृत्ती पूर्ण झाल्याशिवाय नको, नाहीतर हसे होईल. योग्य वेळ कशी ओळखावी?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : हसे होण्याची भीती मनातून काढून टाका. एखाद्या तिऱ्हाईताने तुम्हाला एकही फोन न करता तुमचा कोड आपल्या संगणकावर चालवून दाखवला, की वेळ झाली असे मी मानतो. लिनस टॉरवाल्ड्सने २५ ऑगस्ट १९९१ रोजी संगणक चालवणाऱ्या आपल्या नव्या प्रणालीची, म्हणजे आजच्या लिनक्सची, जाहीर वाच्यता केली, तेव्हा ती अगदीच अपुरी होती. पण बॅश (टंकलेल्या आज्ञा पाळणारा) आणि जीसीसी (कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवणारा) हे दोन प्रोग्राम तिच्यावर चालू लागले होते, आणि काय हवे-नको ते लोकांना विचारण्याइतका आराखडा अजून कच्चा होता.

उलट नेटस्केप या कंपनीने आपल्या ब्राउझरचा कोड ३१ मार्च १९९८ रोजी खुला केला तो बऱ्याच उशिरा, बाजारातली पकड सुटू लागल्यावर. इतर कंपन्यांच्या मालकीचे भाग आधी काढून टाकावे लागल्यामुळे लोकांच्या हाती अख्खा ब्राउझर पडलाच नाही. शिवाय पाने मांडून दाखवणारा त्याचा गाभा इतका जुनाट झालेला होता, की त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो बाजूला ठेवून नव्या गाभ्यावर काम करण्याचे ठरले. या खुल्या कोडच्या प्रकल्पातला मोझिला १.० हा ब्राउझर यायला जून २००२ उजाडला. पुढे त्यातूनच फायरफॉक्स निघाले, तेव्हा उशीर म्हणजे सर्वनाश नव्हे. पण वर्षे गेली ती गेलीच.

तुमच्या बाबतीत मला खरी काळजी वाटते ती शब्दयादीची. ती कुठल्या छापील कोशावरून उतरवली असेल, तर परवानगी मिळेपर्यंत थांबा किंवा यादी नव्याने बांधा. परवानाही, म्हणजे इतरांनी कोड कोणत्या अटींवर वापरायचा तेही, आधीच ठरवा, कारण दहा जणांचे लिखाण आत आल्यावर तो बदलायचा तर सहसा प्रत्येकाची संमती लागते. (टॉरवाल्ड्सनेही मूळ परवाना बदलून जीपीएल हा खुल्या कोडचा परवाना स्वीकारला, पण १९९२मध्येच, म्हणजे पसारा लहान असताना.) गिट या, कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनाच्या जुन्या नोंदींत सर्व्हरचा पासवर्ड राहून गेला असेल, तर आज फाइलमधून पुसला तरी तो जुन्या नोंदीत दिसतोच, म्हणून तो पासवर्डच बदला.

आलेल्या सूचनांना आठवडाभरात उत्तर देईल असा तिघांपैकी एक जण नेमता आला, तर पहिल्या आवृत्तीची वाट पाहू नका. 'पाणी'चे 'पाण्याला' ओळखता येते, पण अनियमित सामान्यरूपे अजून चुकतात, असे माहितीपत्रकात स्पष्ट लिहा. व्याकरण जाणणारा पण प्रोग्रामिंग न येणारा माणूसही तेवढे काम अंगावर घेऊ शकेल.