जिल्हा परिषदेची शाळा नेमकी कोण चालवतं, पैसा कुठून येतो आणि तिथं शिकवतात का?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेतल्या तुमच्या भावाच्या गावात शाळांसाठी वेगळं निवडून आलेलं मंडळ आहे, ते शाळांसाठी कर गोळा करतं, अधीक्षक नेमतं, लोक सभेला जाऊन जाब विचारतात. आपल्याकडे असं काही आहे का? आणि पुण्याहून गावी परतल्यावर मुलीला गावातल्या जि. प. शाळेत दुसरीला घालावं का?

मी केंद्रप्रमुख म्हणून निवृत्त झाले. केंद्रप्रमुखाकडे दहा-बारा शाळांचं शैक्षणिक मार्गदर्शन असतं असं कागदावर लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात दिवसाचा बराच भाग "आज सायंकाळी पाचपर्यंत माहिती सादर करावी" या एका वाक्याभोवती फिरतो. वरची आणि खालची दोन्ही बाजू त्यामुळे जवळून पाहिली आहे.

आधी मंडळाचं. फक्त शाळांसाठीचं मंडळ आपल्याकडेही होतं. १९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने प्राथमिक शाळा स्थानिक संस्थांच्या हाती दिल्या, आणि १९४७ च्या कायद्याखाली पश्चिम महाराष्ट्रात जिल्हा स्कूल बोर्डं काम करत होती. आमच्याकडची म्हातारी माणसं अजून "बोर्डाची शाळा" म्हणतात ते त्यामुळेच. मग १९६१ चा जिल्हा परिषद आणि पंचायत समिती कायदा आला, १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि शाळा रस्ते, दवाखाने, पाणीपुरवठा यांच्या रांगेत जाऊन बसल्या. आज राज्यात ३४ जिल्हा परिषदा आहेत. मुंबई शहर आणि उपनगर जिल्ह्यांत त्या नाहीत, तिथं महापालिकेच्या शाळा आहेत.

जिल्हा परिषदेत शिक्षण समिती असते, तिला सभापती असतो. पण रोजचा कारभार मुख्य कार्यकारी अधिकारी (सीईओ) आणि त्यांच्या हाताखालचे शिक्षणाधिकारी (प्राथमिक) बघतात. तालुक्याला गटशिक्षणाधिकारी, त्यांच्याखाली विस्तार अधिकारी, मग केंद्रप्रमुख, मग मुख्याध्यापक. हे झालं चित्र. आता त्यातली गाठ सांगते. जि. प. शिक्षक हा जिल्हा परिषदेचा कर्मचारी, म्हणून त्याच्या बदल्यांचं धोरण ठरवतो ग्रामविकास विभाग. तो वर्गात काय शिकवणार, कोणतं प्रशिक्षण घेणार, वर्षाला किती चाचण्या घेणार हे ठरवतो शालेय शिक्षण विभाग. शिक्षकाची निवड राज्यपातळीवरच्या अभियोग्यता चाचणीतून आणि 'पवित्र' या राज्याच्या शिक्षकभरती पोर्टलवरून होते. पुस्तकं बालभारतीची. म्हणजे तुमच्या गावातल्या शाळेत कोण शिकवणार, किती जण आणि काय शिकवणार, यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर देणारा माणूस तुमच्या तालुक्यात राहत नाही.

निवडून आलेल्यांचा धाक तरी असतो का? असायचा, थोडासा. जि. प. सदस्य शाळेत आला की खिडकीच्या तुटलेल्या काचेचं बोलता यायचं, आणि पुढच्या सभेत तो दोन शब्द बोलायचा. पण मार्च २०२२ मध्ये बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली, आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद न्यायालयात अडकले आणि कारभार प्रशासकांकडे गेला. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत स्थानिक निवडणुका घ्यायला सांगितलं, तरी तारखा पुढे सरकतच राहिल्या. इतकी वर्षं शिक्षण समिती नसताना शाळा पूर्वीसारख्याच चालल्या. यावरून त्या समितीचं वजन किती होतं ते ओळखा.

पैशाकडे वळू. तुमच्या भावाकडे घरपट्टीसारख्या करातून शाळेला थेट पैसा जातो. आपल्याकडे जिल्हा परिषदेचं स्वतःचं उत्पन्न म्हणजे जमीन महसुलावरचा उपकर, मुद्रांक शुल्कातला वाटा, असं किरकोळ. कार्यालयात त्याला सरळ "सेस" म्हणतात. त्यातून शिक्षणाला जे येतं त्यात दुरुस्त्या आणि एखादा उपक्रम होतो. खर्चाचा डोंगर आहे तो पगाराचा, आणि तो पूर्ण राज्य सरकारच्या अनुदानातून येतो. बाकीचं बरंचसं समग्र शिक्षा या केंद्राच्या योजनेतून, ज्यात केंद्राचे ६० आणि राज्याचे ४० टक्के.

शाळेच्या हातात प्रत्यक्ष पडतं ते संयुक्त शाळा अनुदान. पट, म्हणजे शाळेत नोंदलेली मुलं, तीसपर्यंत असेल तर वर्षाला १०,००० रुपये, शंभरपर्यंत २५,०००, अडीचशेपर्यंत ५०,०००. यात खडू-फळा, वीजबिल, नळदुरुस्ती, स्टेशनरी, रंगरंगोटी, सगळं. शिवाय दहा टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे. पैसा वर्षाच्या शेवटी येतो आणि ३१ मार्चच्या आत खर्च झाला नाही तर न खर्चलेला पैसा परत जातो. मार्चमध्ये दुकानदाराकडे बिलांसाठी रांग लावलेले मुख्याध्यापक मी दरवर्षी पाहिले. लहान शाळेचं वीजबिल थकलं की गुरुजी स्वतःच्या खिशातून भरतात आणि कुणाला सांगत नाहीत, कारण सांगितलं तर "नियोजन का नव्हतं" असा खुलासा मागवला जातो.

दुपारच्या जेवणाचंही तसंच. पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ येतो. डाळ, भाजी, तेल, इंधन यासाठी मे २०२५ पासूनचा दर आहे ६ रुपये ७८ पैसे. आजच्या भाजीच्या भावात हा हिशेब बसवून दाखवणाऱ्या स्वयंपाकिणीला मी अर्थतज्ज्ञ मानते.

गणवेशाची गोष्ट सांगते, कारण तिच्यात सगळा कारभार दिसतो. पूर्वी शाळा व्यवस्थापन समिती (प्रत्येक शाळेची, बहुतांश पालकांची; तिच्याबद्दल शेवटी सांगते) गावातल्या किंवा तालुक्याच्या शिंप्याकडून दोन जोड शिवून घ्यायची, एका मुलामागे ६०० रुपये. कापड कधी हलकं यायचं, पण मापं तरी बरोबर असायची, आणि चुकलं तर शिंपी ओळखीचा. २०२४-२५ मध्ये राज्याने ठरवलं की सगळ्यांना एकसारखा गणवेश, कापडखरेदी वरून, शिलाई बचत गटांकडून. कित्येक शाळांत दिवाळी आली तरी कपडे आले नव्हते. आले ते पाचवीच्या मुलाला तिसरीच्या मापाचे. डिसेंबर २०२४ मध्ये निर्णय फिरवून अधिकार पुन्हा समितीकडे दिला. दोन्ही पद्धती पाहिल्यामुळे कोणती बरी हा वाद निदान आमच्या केंद्रात तरी उरला नाही.

इमारतीसाठी समग्र शिक्षा, जिल्हा नियोजन समिती, आमदार निधी, ग्रामपंचायत असे चार दरवाजे ठोठवावे लागतात. आणि पाचवा लोकवर्गणीचा. तुम्हाला गावात जी चकाचक शाळा दिसते, जिथं डिजिटल वर्ग आहे, कमान आहे, झाडांना कठडे आहेत, तिथं बहुधा हा पाचवा दरवाजा उघडलेला असतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं: पट. या शाळांत सगळं पटावर मोजतात. ३० सप्टेंबरला जेवढी मुलं नोंदलेली, तीही आधार जुळलेली, त्यावर संचमान्यता होते, म्हणजे शिक्षकांची पदं ठरतात. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, नव्वदपर्यंत तीन. दोन शिक्षक आणि पाच वर्ग, हे गणित लक्षात घ्या. त्यातला एक निवडणुकीच्या कामाला किंवा प्रशिक्षणाला गेला की राहिला एक. पट घसरला की शिक्षक जातो, शिक्षक गेला की पालक मुलं काढतात, मग पट आणखी घसरतो. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा राज्यात चौदा हजारांहून जास्त आहेत. २०२३ मध्ये त्यांच्या जागी पानशेत आणि तोरणमाळच्या धर्तीवर समूहशाळा, म्हणजे आसपासच्या लहान शाळा मिळून एक मोठी शाळा, काढायची कल्पना आली. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या निर्णयाने छोट्या शाळांतली नियमित पदं कमी होण्याची वाट मोकळी झाली आणि त्या सप्टेंबरात शिक्षक सामूहिक रजा टाकून मोर्चे घेऊन निघाले. तेव्हा मी निवृत्त होते, पण मोर्चाची मागणी मला पटली होती. डोंगरातल्या वाडीवरची शाळा बंद करून मुलांना बसने नेऊ, असं म्हणणाऱ्यांनी जुलैमधल्या त्या रस्त्यावरून एकदा जाऊन यावं. मुलगे जातील कसेबसे. मुलींचं शिक्षण तिथंच थांबतं.

शिकवतात का? "हो" आणि "नाही" दोन्ही उत्तरं खरी आहेत, म्हणून जिल्ह्याच्या सरासरीवर जाऊ नका. 'असर' या ग्रामीण मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या देशव्यापी पाहणीत ग्रामीण महाराष्ट्रात कोविडनंतर वाचनाची मोठी घसरण दिसली, २०२४ मध्ये ती बरीच सावरली, तरी तिसरीतली निम्म्याहून जास्त मुलं दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकत नाहीत. हे लाजिरवाणं आहे आणि आम्ही सगळे त्याला जबाबदार आहोत, मंत्रालयापासून केंद्रप्रमुखापर्यंत. दुसरीकडे सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जि. प. शाळेत शिकवणाऱ्या रणजितसिंह डिसले यांना २०२० चं ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. पुणे जिल्ह्यात वाबळेवाडीच्या शाळेत प्रवेशासाठी प्रतीक्षायादी लागली. खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या शाळेला २०२५ मध्ये जगभरातल्या शाळांच्या स्पर्धेत लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला. या शाळांचे नियम, अनुदान, पगार सगळं तुमच्या गावच्या शाळेइतकंच. फरक पडला तो एखाद-दुसऱ्या शिक्षकाने आणि पाठीशी उभ्या राहिलेल्या गावाने. ही आनंदाची गोष्ट आहे आणि यंत्रणेची नामुष्कीही, कारण तो शिक्षक बदलून गेला की मागे काय उरेल याची हमी कुणी देत नाही.

शेजारच्या गावातल्या इंग्रजी शाळेची पिवळी बस दारात येते म्हणून ती चांगली, असं मात्र धरू नका. बारावी पास मुलीला पाच हजारांवर ठेवून चालवलेले वर्ग मी पाहिले आहेत. जि. प. शाळेतला शिक्षक निदान डीएड करून आलेला असतो, आणि अलीकडच्या भरतीतला असेल तर पात्रता परीक्षाही देऊन. आता बऱ्याच जि. प. शाळांत सेमीही आहे, गणित इंग्रजीतून.

तर तुम्ही काय करावं. शाळेत जा, अगदी साध्या वेळी, १५ ऑगस्टला नाही. मुख्याध्यापकांना पट विचारा, मंजूर शिक्षक किती आणि प्रत्यक्ष हजर किती ते विचारा. तिसरीच्या दोन-तीन मुलांशी गप्पा मारत त्यांच्याच पुस्तकातला न शिकवलेला धडा वाचायला सांगा. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेचं इतिवृत्त बघायला मागा. सगळ्या सभांच्या सह्या एकाच पेनने, एकाच दिवशी घेतलेल्या दिसल्या तर काय समजायचं ते समजा.

ही समितीच तुमच्या भावाच्या मंडळाच्या सर्वांत जवळची गोष्ट आहे. कर लावू शकत नाही, शिक्षक नेमू शकत नाही. पण तिच्यात पंचाहत्तर टक्के पालक असतात, निम्म्या बायका, अध्यक्ष पालकांतलाच, आणि मुदत दोन वर्षांची. शाळा विकास आराखडा तयार करण्याचा अधिकार तिला कायद्याने दिलाय, तो बहुतेक गावांत मुख्याध्यापक एकटेच लिहितात कारण दुसरं कुणी येत नाही. मुलगी शाळेत घातलीत की पालकसभेतून तुम्ही निवडून येऊ शकता. गावात शिकलेला पालक तयार आहे म्हटल्यावर विरोध फारसा होत नाही. तक्रार असेल तर ती लेखी आणि पोच घेऊन द्या. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाला तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. तोंडी तक्रार माझ्यासारख्या केंद्रप्रमुखापाशी येऊन विरघळते, हे मी अनुभवाने सांगते.

दोन शिक्षक टिकून असतील आणि त्यातला एकजण जीव लावून शिकवणारा असेल, तर मुलीला तिथं घाला, घरी संध्याकाळी अर्धा तास वाचन घ्या. एकच शिक्षक पाच वर्ग सांभाळत असेल तर शेजारच्या गावातली मोठी जि. प. शाळा बघा, तिथं पदं जास्त असतात आणि एक शिक्षक रजेवर गेला तरी वर्ग उघडा पडत नाही. आणि घालायचंच ठरलं तर जूनमध्येच घाला, आधारवरचं नाव आणि जन्मतारीख आधीच दाखल्याशी जुळवून घ्या. ३० सप्टेंबरनंतर आलेलं किंवा आधार न जुळलेलं मूल वर्गात बसतं, जेवतं, शिकतं, पण त्या वर्षीच्या पटात मोजलं जात नाही.