शनिवारचा वर्ग पुन्हा सुरू करा

प्रश्न : आम्ही टेक्सासमध्ये एल पासोला राहतो. मुलगी बारावीत आहे, कॉम्प्युटर सायन्स करायचं म्हणते. शनिवारी विद्यापीठाच्या उपक्रमात स्पॅनिश बोलणाऱ्या कुटुंबांना कॉम्प्युटर शिकवायची. आता तिला इथल्या युटेपलाच (टेक्सास विद्यापीठ, एल पासो) जायचंय. हिस्पॅनिक लोकांसाठीच्या विद्यापीठात तिला काय मिळणार? पुतण्या ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात आहे. तिचा शनिवारचा वर्ग मी बंद केलाय.

उत्तर : पुतण्या कुठे शिकतो ते तुम्ही कळवलंत. मुलीला युटेप का हवं, हे तिला विचारल्याचं पत्रात कुठेच दिसत नाही. आणि वर्ग बंद केलात, ही मला सगळ्यात मोठी चूक वाटते. तिथे ती काय करते, ते कधी पाहिलंत? घरात फक्त मोबाइल असलेल्या मुलाला लॅपटॉप दिला म्हणजे काम संपत नाही. घरी इंटरनेट नसेल, तर सॉफ्टवेअर उतरत नाही, अपडेट अडकतात आणि गृहपाठ वेळेत जमा होत नाही. केंद्र सरकारची इंटरनेट बिलावरची महिना ३० डॉलरपर्यंतची सवलतही जून २०२४ मध्ये संपली. अशा वेळी लॅबमध्येच काय उतरवून द्यायचं, एका लॅपटॉपवर दोन भावंडांची खाती वेगळी कशी ठेवायची, आईला पासवर्ड कसा बदलायला शिकवायचा, असले प्रश्न तिथे सोडवावे लागतात. वापरणाऱ्याची अडचण इतक्या जवळून कळणं या क्षेत्रात फार मोलाचं आहे.

‘हिस्पॅनिकांसाठीचं विद्यापीठ’ हा समज आधी काढून टाका. तिथे जागा राखीव नसतात. पदवीच्या विद्यार्थ्यांपैकी किमान २५ टक्के हिस्पॅनिक असले, की विद्यापीठ ‘हिस्पॅनिक-सर्व्हिंग इन्स्टिट्यूशन’ या केंद्रीय दर्जाला पात्र ठरतं. ऑस्टिनसुद्धा २०२० मध्ये पात्र ठरलं! युटेप तर २०१९ पासून कार्नेगी वर्गीकरणाच्या, म्हणजे अमेरिकी विद्यापीठांच्या प्रतवारीच्या, सर्वोच्च संशोधन गटात आहे. अशा विद्यापीठांची कॉम्प्युटिंगसाठीची ‘काह्सी’ ही युती युटेपच्याच नेतृत्वाखाली चालते. त्यात वरच्या वर्गातले विद्यार्थी छोट्या गटांना उदाहरणं सोडवायला लावतात आणि पदवीच्या मुलांना संशोधनगटात घेतलं जातं.

एक मात्र खरं, सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय शिक्षण विभागाने या विद्यापीठांची मोठी अनुदानं थांबवली. म्हणून युटेपच्या विभागाला सरळ विचारा : काह्सीचे हे छोटे गट यंदा चालू आहेत का, गट चालवणाऱ्या विद्यार्थ्यांना मानधन कुठून मिळतं, पहिल्या वर्षाच्या मुलांना संशोधनात घेता का?

एसएटी ही प्रवेशासाठीची परीक्षा तिने द्यावीच. वर्गातल्या क्रमांकावर ऑस्टिनला थेट प्रवेश मिळाला, तरी कॉम्प्युटर सायन्सची जागा त्यात धरू नका. युटेपला घरून जाता येईल, राहण्या-जेवणाचा खर्च वाचेल. दोन्हीकडे अर्ज भरा. निवड तिची. आणि येत्या शनिवारी तिला वर्गाला स्वतः सोडा, तासभर मागे बसून बघा.