छात्राध्यापकांच्या इतिहास-नागरिकशास्त्राच्या पाठाचं निरीक्षण करताना वर्गनियंत्रणाबद्दल काय पाहावं, काय लिहावं?

तुमच्या शाळेत यंदा बी.एड.चे छात्राध्यापक आलेत आणि सामाजिक शास्त्रांच्या पाठांचं निरीक्षण पहिल्यांदाच तुमच्याकडे आलंय. वर्गात गोंधळ झाला तर मध्ये पडायचं का, आणि निरीक्षण वहीतल्या ‘वर्गनियंत्रण’ या रकान्यात लिहायचं काय, असं तुम्ही विचारलंय. मी बावीस वर्षं मुंबईत मराठी माध्यमाच्या शाळेत इतिहास-भूगोल शिकवतेय. शाळा वडाळ्याच्या बाजूला, वर्गात पन्नास-पंचावन्न मुलं. त्यातली बारा-तेरा वर्षं असे पाठ बघण्यात गेली.

तो रकाना सगळ्यात शेवटी भरा. पहिली काही वर्षं मी तिथे ‘वर्गनियंत्रण कमी पडले’ किंवा ‘आवाज वाढवावा’ एवढंच लिहायचे. ते वाचून छात्राध्यापक दुसऱ्या दिवशी आणखी मोठ्याने बोलायचे, टेबलावर डस्टर आपटायचे, आणि वर्ग होता तसाच राहायचा. पुढे माझ्या ध्यानात आलं की गोंधळ कानावर आल्यावर मी मान वर करतेय. त्याच्या आधीच्या दोन मिनिटांत काय घडलं हे माझ्या वहीत नसायचंच. जेकब कूनिन या अमेरिकी संशोधकाने १९७० मध्ये हेच दाखवलं होतं: शांत वर्गातले आणि विस्कळीत वर्गातले शिक्षक मुलांना दटावतात जवळपास सारख्याच पद्धतीने. फरक असतो तो गडबड होण्याआधी ते काय करतात यात. सगळ्या वर्गावर त्यांची नजर आहे का, पाठ अडखळत चाललाय का, यात.

म्हणून आता मी पानाचे तीन भाग करते. घड्याळातलं मिनिट, शिक्षकाचं वाक्य किंवा कृती, आणि मुलं काय करत होती. बसते खिडकीच्या बाजूला, दुसऱ्या-तिसऱ्या बाकाशी, जरा तिरकी. शेवटच्या बाकावरून मुलांच्या पाठी दिसतात, चेहरे दिसत नाहीत. आणि तास सुरू व्हायच्या आधीच जाऊन बसते. मध्येच दार ढकलून आत गेलं की पन्नास माना आपल्याकडे वळतात आणि त्या छात्राध्यापकाची प्रस्तावना वाया जाते.

एक पाठ सांगते. आठवी, सविनय कायदेभंग. छात्राध्यापिका मनापासून तयारी करून आली होती, दांडीयात्रेचा तक्ता सुंदर होता. अकराव्या मिनिटाला वर्ग हातातून गेला. पाठाचं नियोजन लिहायच्या टाचणवहीत खाली तिने लिहिलं, ‘विद्यार्थी बेशिस्त’. माझ्या पानावर वेगळं होतं. तोवर तिने सात प्रश्न विचारले होते, सगळे एका शब्दात उत्तर येणारे, सगळे अख्ख्या वर्गाला: यात्रा कुठून निघाली, कुठे गेली, कोणत्या साली. मधूनमधून ‘कळलं का?’ आणि वर्गाचं ‘होऽऽ’. म्हणजे एकसुरात ओरडायला तिनेच शिकवलं होतं. मग ती फलकाकडे वळली आणि जवळजवळ दोन मिनिटं वर्गाकडे पाठ करून सनावळी लिहीत राहिली. आवाज तिथे सुरू झाला.

मी तिला एवढंच म्हटलं, मीठच का, हे मुलांना विचारून बघ. आणि १९३० मध्ये आपल्या वडाळ्याच्या मिठागरांवरही सत्याग्रहींचे जथे चालून गेले होते, ते तुझ्या टाचणात नाही. पुढच्या पाठाला तिने प्रत्येक बाकावर कागदात चिमूटभर खडेमीठ ठेवलं. ‘यावर कर लावला तर तुमच्या घरात कोणाला फरक पडेल? शेजाऱ्याशी दोन मिनिटं बोला.’ आवाज त्या दिवशीही होता, बाहेरून कुणाला गोंधळच वाटला असता. पण मुली भांडत होत्या त्या मिठावरून. एक म्हणाली, ‘टीचर, श्रीमंताला पण तेवढंच मीठ लागतं ना, मग कर गरिबालाच जास्त बसला.’ हा आवाज मी निरीक्षण वहीत वर्गनियंत्रणाच्या जमेच्या बाजूला लिहिला. आवाज किती, हे मोजू नका. आवाज कशाबद्दल आहे ते ऐका, त्यासाठीच मुलांजवळ बसायचं.

प्रश्न विचारण्याची एक सवय मी प्रत्येकाला लावायला बघते: प्रश्न आधी, मग थांबायचं, नाव शेवटी. नाव आधी घेतलं की बाकीची चौपन्न सुटतात. थांबायचं किती? मेरी बड रो या अमेरिकी शिक्षण-संशोधिकेने १९७०च्या दशकात शिक्षकांचे तास तपासले तेव्हा प्रश्नानंतर शिक्षक सरासरी एक सेकंद थांबताना दिसले. तीन सेकंद थांबलं की उत्तरं लांब आणि विचार केलेली यायला लागली. नवख्या माणसाला तीन सेकंद फार मोठे वाटतात, शांतता सोसत नाही. मी माझ्या जागेवर बसून बोटांनी मोजते आणि पाठानंतर आकडा सांगते.

भूगोलाचं थोडक्यात: भिंतीवरचा एक नकाशा पन्नास मुलांना दिसत नाही आणि तो टांगता टांगता तीन मिनिटं जातात. बाकागणिक एक नकाशासंग्रह आधीच उघडून ठेवायला सांगा.

आता नागरिकशास्त्र. इथे सर्वात जास्त सांभाळून बघावं लागतं, कारण मुलाचा खरा सहभाग इथे बेशिस्त म्हणून मोजला जातो. २०२३ च्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. सहावीला शहरी स्थानिक शासनसंस्था चालू होतं. छात्राध्यापक तक्ता दाखवून सांगत होता, मुंबई महानगरपालिकेत २२७ नगरसेवक निवडून येतात. मधल्या रांगेतला एक मुलगा हात न वर करताच बोलला, ‘सर, आता एक पण नाहीये.’ वर्ग हसला. छात्राध्यापकाला वाटलं चेष्टा केली, त्याने मुलाला तासभर उभं केलं. त्यानंतर एकाही मुलाने तोंड उघडलं नाही. कागदावर वर्गनियंत्रण उत्तम.

मुलगा बरोबर होता. महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली होती आणि कारभार प्रशासकाकडे होता. घरात, नळावर, चाळीच्या कमिटीत त्याने ते ऐकलं असणार. पुस्तकात नाही ते त्याला ठाऊक होतं, आणि अख्ख्या वर्षात नागरिकशास्त्र त्या एका वाक्याइतकं जिवंत कधी झालं नसतं. मला तेव्हा उठून बोलावंसं फार वाटलं. बोलले नाही. आपण मध्ये पडलो की मुलांच्या दृष्टीने त्या छात्राध्यापकाचा वर्ग संपतो, पुढचे आठवडे तो आपल्या सावलीतच शिकवतो. चुकीची माहिती दिली तरी मी पाठ संपल्यावर सांगते आणि दुसऱ्या दिवशी त्यानेच वर्गात दुरुस्त करावी असं बघते. अपवाद दोनच: मुलाला इजा होण्याची शक्यता, आणि मारणं किंवा अपमान करणं. शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई आहे, तिथे लगेच उठायचं. तासभर उभं करणं यात बसतं असं मला आज वाटतं, आणि त्या दिवशी पाच मिनिटांनी मुलाला बसायला सांगायला हवं होतं.

पाठानंतरचं बोलणं त्याच दिवशी, पण स्टाफरूममध्ये चारचौघांत नको. आधी त्यालाच विचारा, ‘कितव्या मिनिटाला वर्ग सुटला असं वाटलं?’ मग आपलं पान समोर ठेवा. एका वेळी एकच गोष्ट सुधारायला द्या. दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये शाळेतले २० आठवडे असतात, त्यातले १६ दुसऱ्या वर्षी. घाई करायचं कारण नाही. त्या छात्राध्यापकाच्या टाचणवहीत मी लिहिलं होतं: ‘अठराव्या मिनिटाला मुलाने सांगितलेली माहिती खरी आहे. उद्या वर्गात तसं सांगावं आणि नगरसेवक नसताना निर्णय कोण घेतं, हा प्रश्न मुलांना द्यावा.’ त्याने दिला. प्रशासक कोण, त्याला कोण नेमतं, गटाराची तक्रार मग कुणाकडे करायची, असे प्रश्न फळ्यावर मावेनात. उभं राहिलेला मुलगा फळ्याजवळ उभा राहून ते लिहून घेत होता.

आणि एक काम पहिला पाठ व्हायच्या आधी तुम्हीच करा. बाकांचा नकाशा काढून प्रत्येक जागेवर मुलाचं नाव लिहा आणि तो कागद छात्राध्यापकाच्या हातात द्या. ‘ए निळी बॅग’ अशी हाक मारत कुणालाच वर्ग सांभाळता येत नाही.