मागचे टायर किती रुंद असावेत?

प्रश्न : जुन्या काँटेसा मोटारीची हॉट रॉड (इंजिन, चाके वगैरे बदलून बनवलेली वेगवान गाडी) बांधत आहे. मागे 275/60 आर 15 टायर बसवावेत का? गाडी रोज म्हापसा-पणजी धावेल.
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : रोजच्या वापरासाठी मी 255/60 च सुचवीन. पहिला आकडा टायरची मिलिमीटरमधील रुंदी आणि दुसरा बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के आहे हे सांगतो; शेवटचा 15 म्हणजे रिमचा इंचांतील व्यास. त्यामुळे 255 मध्ये 687 मिलिमीटर असलेला व्यास 275 मध्ये 711 होतो आणि स्पीडोमीटर त्या प्रमाणात कमी वेग दाखवू लागतो. त्याहून मोठी काळजी आपल्या पावसाची आहे, कारण हलक्या मागच्या भागाखालचा रुंद टायर साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगतो. म्हणून खोल नक्षीचाच टायर घ्यावा. नोंदणीपुस्तकाशी विसंगत बदलांना 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 आड येते, तेव्हा खरेदीपूर्वी वाहतूक खात्यात विचारावे.

टायर आणि पाट्यांची स्प्रिंग यांत, मागे माणसे बसवून, किमान बोटभर जागा राहते का ते पाहावे. हवेचा दाब ठरवताना टायरवर खडूची आडवी रेघ ओढून गाडी सपाट रस्त्यावर थोडी चालवावी. रेघ फक्त मधोमध पुसली गेली, तर हवा जास्त आहे.